सुकलालचं नवं तोंड

सुकलाल हा खात्यातला सगळ्यात बडबड्या माणूस, आणि तरीही त्याचा आवाज तिथं कुणाच्या कानावर पडलेला नव्हता. यात गंमत काही नाही. सुरतेत लिंबायतच्या बाजूला लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. एका पत्र्याच्या शेडमध्ये पन्नाससाठ लूम दणादण चालू असल्या की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द कळत नाही. मग माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, फक्त तोंड नीट हलवायचं, लागेल तशी भुवई उडवायची, एखादं बोट दाखवायचं. खानदेशातून नवा आलेला गडी पहिले काही दिवस खुळ्यासारखा बघत राहतो आणि पुढं कधीतरी आपोआप या बिनआवाजाच्या बोलण्यात शिरतो. सुकलाल त्यात नुसता शिरला नव्हता, तो त्यातला वक्ता होता.

ऐकणारा ठरलेला, धुडकू. दोघं पारोळ्याकडचे, एकाच गावचे, एकाच एस्टीनं पोट भरायला आलेले. धुडकूच्या आठ लूम एका बाजूला, सुकलालच्या आठ त्याच्या बरोबर समोर, मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच गल्ली. धुडकू घरी तोंड उघडायचा नाही. त्याची बायको म्हणायची, ह्या माणसाला देवानं जीभ फक्त जेवायला दिली. तोच धुडकू खात्यात सुकलालच्या ओठांकडे बघून पोट धरून हसायचा. देखरेख करणारा मास्तर आला की सावध करण्यासाठी सुकलालनं एक खूण काढली होती, दोन्ही गाल टम्म फुगवायचे. मास्तरचं पोट आणि मास्तरचा चेहरा दोन्ही त्यात यायचं. ही खूण पुढं सगळ्या खात्यानं उचलली, पण ती मूळची कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सुकलालला त्याचा अभिमानही होता.

मग नाकाच्या उजव्या अंगाला, मिशीच्या वर, एक पुळी आली. डाळीएवढी, चकचकीत. तिच्यावर खपली धरायची, खपली पडायची, रक्त यायचं, परत खपली धरायची. सुकलालनं चुना लावून पाहिला, हळद लावून पाहिली, कुणीतरी सांगितली म्हणून तंबाखूची राखही चोळली. पुळी दोन वर्षं त्याच्याकडे मुक्कामाला होती. शेवटी न्हाव्यानंच वस्तरा खाली ठेवला आणि आधी दवाखाना गाठ म्हणाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं एक तुकडा काढून तपासायला पाठवला. कातडीचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाला, हा सहसा अंगात पसरत नाही, मुळासकट काढला तर माणूस म्हातारा होऊन मरतो. पण असाच राहू दिला तर गाल खाईल, नाक खाईल. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर पुढचं सुकलालच्या कानात शिरलंच नाही. ते प्रमिलाबाईनं, त्याच्या बायकोनं, ऐकून घेतलं आणि घरी येऊन त्याला चार वेळा समजावून सांगितलं.

ऑपरेशन झालं. पुळीबरोबर आजूबाजूची कातडी आणि वरच्या ओठाचा थोडा भाग गेला आणि खालच्या गालाची कातडी ओढून खड्डा बुजवला. टाके निघाले, सूज उतरली, तेव्हा खरं रूप दिसलं. उजवीकडचा ओठ वर खेचला गेला होता आणि त्या कोपऱ्यातून एक दात सदा बाहेर डोकवायचा. मिशी डावीकडं पूर्वीसारखी भरघोस आली, उजवीकडं उगवायचं नाव घेईना. सुकलाल आरसा घेऊन तासनतास बसायचा. एकदा प्रमिलाबाईनं तो हातातून काढून घेतला.

“जीव वाचना ना? मग मिशीनं काय लई बठनात!”

मिशीचं दुःख बाईमाणसाला काय कळणार, असं सुकलाल मनाशी म्हणाला. शेवटी त्यानं डावीकडचीही काढून टाकली. पण खरं दुखणं मिशीचं नव्हतंच. खरं दुखणं होतं बन्सीलाल.

सुकलाल अंथरुणाला होता तेव्हा त्याच्या आठ लूम काही थांबून राहणार नव्हत्या. मास्तरनं तिथं बन्सीलालला उभं केलं. अमळनेरकडचा पंचविशीतला गडी, बायको गावाला, इथं चार जणांत मिळून एक खोली. म्हणजे धुडकूच्या समोर आता तो. बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण नवरा घरी बसला म्हणून प्रमिलाबाईनं तीनचार एकट्या गड्यांना जेवू घालायला सुरुवात केली होती, आणि त्यांतला एक नेमका हा. दिवसा माझ्या मशीनवर, संध्याकाळी माझ्या चुलीपुढं! सुकलाल आतल्या आत धुमसायचा. त्याला उजव्या बाजूनं चावता येत नव्हतं, तोंडाच्या कोपऱ्यातून वरण गळायचं, म्हणून प्रमिलाबाई त्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दुधात कुस्करून द्यायची. समोर बन्सीलाल तीच भाकरी कडकडीत, ठेच्याशी, कडाकडा मोडून खायचा. वर त्याच्या मिशीला पीळ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो जेवताना सुकलालच्या तोंडाकडे बघायचा. चोरून नाही, अगदी टक लावून.

“तमाशा शे का आठे?” एकदा सुकलाल खेकसला.

बन्सीलालनं मान खाली घातली. प्रमिलाबाई मात्र भडकली.

“त्याले कसाले घालीपाडी बोलतस? गरीब पोऱ्या शे.”

झालं, आता बायकोही त्याच्या बाजूनं! त्या दिवशी सुकलाल अर्ध्या ताटावरून उठला. भूक लागली होती, पण मान राखायचा होता.

डॉक्टरनं परवानगी दिल्यावर तो खात्यात परत गेला. धूळ आणि तेल जखमेला लागू नये म्हणून महिनाभर तोंडावर रुमाल बांधा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पहिल्या दिवशी दारातच कुणीतरी चेष्टा केली, प्लेग जाऊन दोन वर्षं झाली की रे सुकलाल! प्लेगच्या साली अख्खी सुरत तोंडाला रुमाल बांधून फिरत होती, तेव्हा सुकलालनं रुमाल बांधला नव्हता. रुमाल बांधला तर बोलू कसा, असा त्याचा सवाल होता. आता त्याच माणसानं रुमाल बांधला, आणि डॉक्टरचा महिना संपला तरी सोडला नाही.

मास्तरनं त्याला त्याच्या जुन्या लूम दिल्या नाहीत. बन्सीलालचा हात तिथं बसला होता, म्हणून सुकलालला त्याच ओळीतल्या शेजारच्या आठ मिळाल्या. तिथून धुडकू तिरका दिसायचा. बन्सीलाल मात्र धुडकूच्या बरोबर समोर. पहिल्या दिवशी धुडकूनं हात वर करून विचारलं, बराय ना? सुकलालनं रुमालाआडून काहीतरी सांगितलं. रुमाल हलला, एवढंच. धुडकूनं थोडा वेळ वाट पाहिली आणि तो कामाला लागला. दुसऱ्या दिवशी तेच. पुढं पुढं त्यानं विचारणं कमी केलं. बिनतोंडाच्या माणसाशी तो तरी किती बोलणार? पण हे आपल्याला सुचतं, सुकलालला ते सुचत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की धुडकू हसतो आहे, आणि आपल्याकडे बघून नाही.

त्यानं कधी कुणाच्या पैशाचा हेवा केला नव्हता. शेठची गाडी फाटकाशी उभी राहिली तर मान वळवून पाहायचाही नाही. आता मात्र तो दिवसभर बन्सीलालला पाण्यात पाहायचा. धाग्याची तार तुटली की हात गाठ मारायचे आणि डोळे तिरके समोरच्या गल्लीत. बन्सीलाल काय म्हणाला? धुडकू एवढा का हसला? ओठ वाचण्यात सुकलालचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यामुळं त्याला सगळं कळायचं, आणि कळायचं तेच छळायचं. धुडकू त्या पोराला सांगत होता, आम्ही आलो तेव्हा एका घोंगडीत दोघं झोपायचो. धुडकू सांगत होता, एकदा जेवणाचा डबा बदलला आणि मास्तरची खिचडी सुक्यानं खाल्ली. अरे, ह्या माझ्या गोष्टी! ह्या मी सांगायच्या आणि तू हसायचं, असं आपलं ठरलेलं होतं. सुकलालच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एक दिवस मास्तर पलीकडच्या दारातून आत शिरला. बन्सीलालनं पाहिलं आणि धुडकूकडे वळून दोन्ही गाल टम्म फुगवले. गोल, घट्ट, अगदी झकास. धुडकू खुदकन हसला.

सुकलालनं लगेच रुमालाआड स्वतःचे गाल फुगवून पाहिले. हवा उजव्या कोपऱ्यातून फुस्स करून निघून गेली. त्यानं ओठ घट्ट दाबून परत प्रयत्न केला. परत फुस्स. त्यानंतर तो बराच वेळ लूमच्या आड नुसता उभा होता. ऑपरेशनच्या टेबलावर रडला नाही तो माणूस, त्याच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. आपलं तोंड गेलं ते गेलं, ते त्या पोराला मिळालं, असं त्याला वाटलं. वेडेपणाच, पण वाटलं खरं.

मास्तरच्याही लक्षात आलं होतं. समोरासमोरच्या आणि शेजारच्या माणसांनी एकमेकांच्या लूमवर नजर ठेवायची, काही बिघडलं तर सांगायचं, यावर खातं चालतं. सुकलाल तर ना सांगायचा ना विचारायचा. मास्तर त्याच्या कानाशी येऊन ओरडला, “बोलवुं नथी तो बोबीन पर बेसी जा!” बोबीन म्हणजे धाग्याच्या कांड्या भरायचं काम. ते थकलेल्या म्हाताऱ्यांना आणि नवशिक्यांना देतात. वीस वर्षं लूम चालवलेल्या माणसाला तिकडं बसवणं म्हणजे संपला म्हणून सांगणं. त्या दिवशी घरी ताट पुढं आलं तरी सुकलाल भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. लूममध्ये धोटा असतो, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड लावलेला. तो इकडून तिकडं नेम धरल्यासारखा पळतो, आणि त्याला ठोसा देऊन पळवतो एक चामड्याचा पट्टा. पट्टा तुटला की धोटा वाट चुकतो आणि कुठंही उडतो. त्यानं डोळे गेलेले लोक लिंबायतमध्ये आहेत. सकाळी पाळी सुरू झाली तेव्हाच धुडकूच्या कडेच्या लूमचा पट्टा उसवायला लागलेला सुकलालला दिसला. त्याच्या जागेवरूनच तो दिसत होता. धुडकूला वरून दिसत नव्हता.

आणि सुकलाल गप्प बसला.

पोटात राग होता. सांगेल की त्याचा लाडका, मी कोण, असं त्यानं मनात म्हटलं. समोर तो उभा आहे ना मिशी पिळत, मग त्यानंच बघावं. त्यानं तोंड फिरवलं आणि आपल्या कामात डोकं घातलं. तरी दर थोड्या वेळानं नजर त्या पट्ट्यावर जायची. अजून एक टाका गेला. अजून एक. जेवणाच्या सुट्टीनंतर पट्टा निम्म्यावर आला होता. आता सांगायला गेलो तर सकाळपासून का नाही सांगितलं, हेही सांगावं लागेल. म्हणून तो आणखी थोडा थांबला.

तेवढ्यात शेजारच्या लूमवर तार तुटली आणि धुडकू ती जोडायला वाकला. त्याचं तोंड नेमकं त्या धोट्याच्या रेषेत आलं.

सुकलाल ओळीच्या पार टोकाला होता. मधले पट्टे आणि चाकं ओलांडून धावणं शक्य नव्हतं. तो ओरडला, सवय नसलेल्या घशानं जिवाच्या आकांतानं ओरडला, आणि तो आवाज त्याचा त्यालाही ऐकू आला नाही. मग त्यानं रुमाल ओढून काढला. हात हलवले. धुडकूनं मान वर केली.

“पट्टा तुटी ऱ्हायना! मशीन बंद कर!”

धुडकूनं ते तोंड खात्यात पहिल्यांदाच उघडं पाहिलं. खेचलेला ओठ, बाहेर आलेला दात, लाल रेघ. तो बघतच राहिला. वीस वर्षं ज्या ओठांवरचं अक्षर न् अक्षर त्यानं टिपलं, त्या ओठांचं त्याला आता काही म्हणजे काही कळेना. त्यानं भुवया उंचावल्या. काय? सुकलालनं परत सांगितलं. धुडकूनं कानामागं हात नेला, जणू ऐकूच येणार होतं. आणि तो तसाच वाकलेला, तोंड तिथंच.

बन्सीलालनं मान वळवून एकदाच सुकलालकडे पाहिलं. एकदाच. गल्लीतून उडी मारून तो पलीकडे गेला, धुडकूला खांद्यानं ढकललं आणि लूमचा दांडा खाली हाणला. धोटा मध्येच अडकून थांबला. पट्टा दोऱ्याएवढा उरला होता.

मास्तर आला. चहाच्या सुट्टीत बाहेर ओट्यावर सगळे जमले. कुणी बन्सीलालच्या पाठीवर थाप मारली. सुकलाल रुमाल हातात चुरगाळून उभा होता, बांधायचं विसरला होता.

“सुक्यानं सांगं,” धुडकू मास्तरला म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “बन्सीले समजनं. माले नई समजनं.”

“तुले कसं समजनं रे?” सुकलालनं बन्सीलालला विचारलं. विचारताना आवाजात उपकारापेक्षा संशयच जास्त होता. एवढं होऊनही जळजळ गेली नव्हती.

बन्सीलाल लाजला. “आप्पा, मी तुमनं दुसरं तोंड देखंच नई ना. माले हाईच माहीत शे. रोज ताटवर समोर बठस, तुम्ही बोलतस तशे देखस.”

सकाळपासून पट्टा दिसत होता हे सांगायचं सुकलालच्या अगदी ओठांवर आलं होतं, तेही त्यानं गिळलं. ते त्यानं नंतर फक्त प्रमिलाबाईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “धुडकूभाऊले तुम्हीच सांगा.” आणि त्याच्यापुढं दुधातली भाकरी सरकवली.

मास्तर हिशोबी माणूस. त्यानं तिथं ओट्यावरच निकाल लावून टाकला होता, “जेने समजाय ते सामे ऊभो रहे.” ज्याला कळतं तो समोर. धुडकूनं सुकलालच्या तिरक्या लूमवर जायचं आणि सुकलालनं धुडकूच्या लूमवर, बन्सीलालच्या समोर. बोबीनचं नाव मास्तरनं परत काढलं नाही.

सुकलालला लूम मिळाल्या, पण हव्या त्या माणसासमोर नाही. पहिले दोन दिवस तो फुगून होता. तिसऱ्या दिवशी मास्तर आत शिरताना त्याला दिसला आणि सवयीनं त्याचे गाल फुगले. हवा फुस्स करून कोपऱ्यातून गेली. बन्सीलालनं बरोबर तसंच केलं. एकच गाल फुगवला आणि दुसऱ्या कोपऱ्यातून हवा सोडली. वाकुल्या दाखवत नव्हता तो. त्याला वाटलं, खूण आता अशी आहे. सुकलालला हसू फुटलं. खेचलेला ओठ आणखीन खेचला गेला, टाक्यांची जागा दुखली, तरी तो हसत राहिला.

हसता हसता त्याची नजर तिरकी गेली. धुडकू त्यांच्याकडे बघत होता. हात तारेवर, डोळे इकडं. ते डोळे सुकलालला चांगलेच ओळखीचे होते.

वीज बंद असायची त्या वारी खात्याला सुट्टी असे. त्या दिवशी दुपारी धुडकू सुकलालच्या घरी आला. आतल्या बाजूला बन्सीलाल जेवत होता. धुडकूनं त्याच्याकडे एकदा कपाळाला आठ्या घालून पाहिलं आणि सुकलालच्या पुढ्यात मांडी घालून बसला. सुकलालचा हात सवयीनं खांद्यावरच्या रुमालाकडे गेला.

“ऱ्हाऊ दे तो रुमाल,” धुडकू म्हणाला. “आवाज काढू नको. नुसतं तोंड हालाव. माले बी शिकनं शे.”

सुकलालनं त्याच्याकडे पाहिलं. मग दारातल्या उजेडात जरा पुढं सरकला. आवाज न काढता, ओठ नीट हलवत त्यानं सांगितलं, पट्टा मला सकाळपासून दिसत होता. मी मुद्दाम बोललो नाही.

“काय?” धुडकू म्हणाला.

सुकलालनं परत सांगितलं. धुडकूनं मान पुढं काढली, डोळे बारीक केले. “फिरी सांग.” सुकलालनं परत सांगितलं. त्याच्या डोळ्यांच्या कडा लाल व्हायला लागल्या होत्या, पण तो थांबला नाही.

मागं बन्सीलालच्या हातातला घास हातातच राहिला. त्याला पहिल्याच वेळी कळलं होतं. त्यानं घसा खाकरला.

धुडकूनं मागं न बघताच हात वर केला. “तू नको सांगू रे! माले समजू दे.”